एकट्याचें काम आणि बोलकें यंत्र

लेखन, चित्रकला आणि संगणकासाठीं प्रोग्रॅम लिहिणें हीं तीन कामें वरवर पाहतां एकमेकांपासून फार दूरचीं वाटतात. परंतु त्यांच्यांत एक साम्य आहे. कितीहि मोठ्या कचेरींत बसून केलीं, तरी शेवटीं तीं एकट्यानेंच करावीं लागतात. समोर कोरा कागद किंवा कोरा पडदा असतो, मनांत एक अर्धवट कल्पना असते, आणि त्या दोहोंमधील अंतर दुसरें कोणी कापून देत नाहीं. निदान कालपरवांपर्यंत देत नव्हतें. २०२२ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ३० तारखेस अमेरिकेंतील ओपनएआय या संस्थेनें चॅटजीपीटी नांवाचें संभाषण करणारें यंत्र लोकांपुढें ठेवलें, आणि तेव्हांपासून या एकट्या कारागिराच्या शेजारीं एक बोलका मदतनीस येऊन बसला आहे. तो थकत नाहीं, रागावत नाहीं, आणि ‘मला ठाऊक नाहीं’ हें वाक्यहि फारसें उच्चारीत नाहीं. आजच्या भाषणांत त्याची स्तुति करण्याचा माझा विचार नाहीं, व श्रोत्यांस त्याची भीति घालण्याचाहि नाहीं. तो काम कसें करतो, आणि त्यामुळें एकट्या कारागिराच्या हातीं काय येतें व हातचें काय जातें, तेवढें पाहूं. त्याला यंत्र म्हणतों तें केवळ सोयीसाठीं. वास्तविक तोहि एक प्रोग्रॅमच आहे.

प्रथम प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामाकडे वळूं. कारण बदल तेथें सर्वांत खोल झाला आहे. तो तेथेंच कां व्हावा, यालाहि कारण आहे. कवितेंतील एक शब्द बदलला, तर ती बिघडली कीं सुधारली याबद्दल दोन रसिकांचें एकमत होणार नाहीं. प्रोग्रॅम मात्र चालला कीं नाहीं, हें तो चालवून तत्काळ पाहतां येतें. ज्या विद्येंत चूक लगेच सांपडते, ती यंत्रास शिकविणें सोपें जातें. शिवाय जगभरच्या प्रोग्रॅमरांनीं आपलें लेखन कित्येक वर्षें इंटरनेटवर उघडें ठेवलेलें होतें. शिकवणीचें साहित्य आयतेंच तयार होतें.

या विद्येंत श्रम वांचविणारें साधन कांहीं प्रथमच आलेलें नाहीं. आरंभीं संगणकास द्यावयाच्या आज्ञा आंकड्यांच्या भाषेंत लिहाव्या लागत. १९५२ सालीं ग्रेस हॉपर या विदुषीनें आज्ञा जुळविण्याचें काम संगणकाकडूनच करून घेणारा ए-० नांवाचा प्रोग्रॅम तयार केला, तेव्हां ‘संगणक आंकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम कसा लिहील?’ अशी शंका लोकांनीं काढली. पुढें १९५७ सालीं जॉन बॅकस व त्याचे सहकारी यांनीं आयबीएम कंपनींत फोरट्रॅन ही भाषा सिद्ध केली, आणि बीजगणिताच्या सूत्रासारखें लिहिलेलें वाक्य यंत्राच्या आज्ञांमध्यें आपोआप उतरूं लागलें. जुन्या जाणत्यांस वाटे कीं, आपल्या हातची सफाई या यांत्रिक भाषांतरकारास साधणार नाहीं. ती त्याला पुष्कळशी साधली. प्रोग्रॅमर मात्र नाहींसे झाले नाहींत. काम सोपें झाल्यामुळें अधिक लोकांस अधिक कामें सुचलीं आणि त्यांची संख्या वाढतच गेली.

हा इतिहास सांगून पुष्कळ लोक ‘यंदाहि तसेंच होईल’ असा निर्वाळा देतात. मला तो घाईचा वाटतो. फोरट्रॅनच्या भाषांतरकारास एकच वाक्य शंभर वेळां द्या, शंभर वेळां तेंच उत्तर मिळेल. कारण त्याचे नियम मनुष्यानें लिहून ठेवलेले आहेत. नवें यंत्र अशा नियमांनीं चालत नाहीं. तें अंदाजानें चालतें.

हा अंदाज बांधण्याची रीत मोठी मनोरंजक आहे. यंत्रास दिलेल्या मजकुराचे प्रथम लहान लहान तुकडे पाडतात. एखादा तुकडा म्हणजे पुरा शब्द असेल, एखादा शब्दाचा अंश असेल. आतांपर्यंतचे तुकडे पाहून पुढें कोणता तुकडा येण्याचा संभव किती, एवढेंच गणित यंत्र करतें. शिकवणीच्या काळांत त्याला पुस्तकें, वर्तमानपत्रें, पत्रव्यवहार, प्रोग्रॅम असा अफाट मजकूर दाखविला जातो. प्रत्येक वेळीं त्याचा अंदाज चुकला, कीं त्याच्या पोटांतील अब्जावधि आंकडे केसभर इकडेतिकडे सरकविले जातात. ‘हळदीचा भाव चढला, म्हणून व्यापाऱ्यानें ती राखून ठेवली’ या वाक्यांत ‘ती’ म्हणजे हळद, भाव नव्हे, हें कळण्यासाठीं मागच्या कोणत्या शब्दास किती महत्त्व द्यावयाचें याचा हिशेब लागतो. तो हिशेब उत्तम रीतीनें करणारी ट्रान्सफॉर्मर नांवाची रचना २०१७ सालीं गूगलमधील आठ संशोधकांनीं प्रसिद्ध केली, आणि आजचीं बहुतेक यंत्रें तिच्याच वंशांतलीं आहेत. पुढें माणसें यंत्राचीं उत्तरें पारखून बरें कोणतें, वाईट कोणतें हें सांगतात, व त्याप्रमाणें त्याला वळण लावलें जातें. या सर्व खटाटोपांतून यंत्राच्या अंगीं विलक्षण ओघ येतो, आणि पुष्कळ ज्ञानहि येतें; परंतु ओघ आणि सत्य या दोन वस्तु त्यांत एकाच दोऱ्यानें बांधलेल्या नसतात. म्हणून खरें आणि खोटें तें सारख्याच आत्मविश्वासानें बोलूं शकतें. २०२३ सालीं न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनीं यंत्रानें पुरविलेले निवाडे पडताळून न पाहतां न्यायालयापुढें ठेवले. ते निवाडे अस्तित्वांतच नव्हते. न्यायाधीशांनीं पांच हजार डॉलर दंड केला.

आतां प्रत्यक्ष कामांत काय फरक पडला तें पाहूं. २०२१ सालच्या जूनमध्यें गिटहब कंपनीनें कोपायलट नांवाचें साधन दाखविलें. प्रोग्रॅमर एक ओळ लिहूं लागला, कीं तें पुढच्या चार ओळी सुचवी. २०२५ पर्यंत हीं साधनें सुचविण्यावर थांबेनाशीं झालीं. काम सांगावें, आणि यंत्रानें स्वतः फायली उघडाव्या, बदल करावे, प्रोग्रॅम चालवून पाहावा, चूक आली तर पुन्हां दुरुस्त करावा, इथवर मजल गेली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत आंद्रे कारपाथी या नामांकित तज्ज्ञानें, लिहिलेलें न वाचतां केवळ यंत्राच्या लहरीवर सोडून देण्याच्या या पद्धतीस ‘व्हाइब कोडिंग’ असें थट्टेचें नांव दिलें, आणि वर्षअखेर कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशानें तोच त्या वर्षाचा शब्द ठरविला.

समजा, सांगलीच्या पेठेंत हळदीचा व्यवहार करणाऱ्या एका अडत्यास शेतकऱ्यांच्या पट्ट्या करण्यासाठीं एक छोटा प्रोग्रॅम हवा आहे. पोत्यांचें वजन, सौद्याचा भाव, त्यांतून हमाली व तोलाई वजा जातां शेतकऱ्यास देणें किती, एवढाच त्याचा विषय. पूर्वीं त्यानें एखाद्या प्रोग्रॅमरास गांठावें, त्याला पट्टी म्हणजे काय हें समजावून सांगावें, आगाऊ रक्कम द्यावी आणि महिनाभर खेपा घालाव्या. आतां त्याची वाणिज्य शाखेंत शिकणारी पुतणी यंत्राशीं मराठींत बोलून सायंकाळपर्यंत तो प्रोग्रॅम उभा करूं शकते. हा लाभ लहान नाहीं. ज्याला कामाची खडान्खडा माहिती आहे, त्याच्या व साधनाच्या मधला दुभाषी यामुळें दूर होतो. आजवर अशा लहान कामांकडे कोणी पाहत नसे, कारण त्यांत प्रोग्रॅमरास पोटापुरतें मिळत नसे. त्या कामांची संख्या केवढी मोठी आहे, हें आपल्या पेठा, पतपेढ्या आणि शाळा पाहिल्या म्हणजे ध्यानांत येतें.

परंतु त्या प्रोग्रॅमच्या पोटांत डोकावून पाहूं. संगणक दोनच अंकांनीं मोजतो. आपल्या दशमान पद्धतींत एक-तृतीयांश जसा कधींच पुरा लिहून होत नाहीं, तसा संगणकाच्या पद्धतींत एक-दशांश पुरा लिहून होत नाहीं. म्हणून कित्येक प्रोग्रॅम-भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. एका पट्टींत हा फरक दिसत नाहीं. पण वर्षअखेर हजारों रकमांची बेरीज घेतली, म्हणजे एखाद्या वेळीं पैशांचा मेळ बसत नाहीं, आणि तो कां बसत नाहीं हें कोणासच उमगत नाहीं. जाणता प्रोग्रॅमर पैशाचा हिशेब पूर्णांकांत, म्हणजे पैशांतच ठेवतो व शेवटीं रुपये करून दाखवितो. यंत्रास ही गोष्ट ठाऊक नाहीं काय? उत्तम ठाऊक आहे. विचारलें तर तें आपल्याहून सुरेख समजावून देईल. आणि पुष्कळदां न विचारतांहि बरोबर लिहील. पण प्रत्येक वेळीं लिहीलच असें नाहीं, आणि लिहिलें नाहीं तर विचारावें लागतें. विचारण्यासाठीं अशी कांहीं भानगड असते हें आधीं ठाऊक पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. पुतणीनें शेतकऱ्यांच्या सोयीसाठीं पट्ट्या इंटरनेटवर पाहावयास ठेवल्या. पत्त्याच्या शेवटीं पट्टीचा क्रमांक १०१ आहे. एखाद्यानें सहज १०१ च्या जागीं १०२ लिहिलें, तर शेजाऱ्याची पट्टी उघडते कीं काय? पाहणारा कोण आहे याची चौकशी करण्याची आज्ञा प्रोग्रॅममध्यें नसेल, तर उघडेल. पडद्यावर सर्व कांहीं नीटनेटकें दिसत असतांनाच ही फट आंत राहूं शकते. बरें, तपासणी यंत्रानेंच करावी म्हटलें, तर जी गोष्ट लिहितांना त्याच्या ध्यानांत आली नाहीं ती तपासतांनाहि निसटण्याचा संभव असतो. तात्पर्य, लिहिण्याचें काम स्वस्त झालें आहे. लिहिलेलें वाचून त्यांत काय नाहीं हें ओळखण्याचें काम स्वस्त झालेलें नाहीं.

वेळेची बचत किती होते, याबद्दल दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ९५ प्रोग्रॅमरांस एकच ठराविक काम दिलें होतें. कोपायलट वापरणारांनीं तें सुमारें ५६ टक्के कमी वेळांत पुरें केलें. उलट २०२५ च्या जुलैंत मेटर या अमेरिकन संस्थेनें १६ मुरलेल्या प्रोग्रॅमरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. हीं माणसें ज्या प्रकल्पांवर वर्षानुवर्षें खपत होतीं, त्यांतलींच २४६ कामें त्यांना दिलीं. कांहीं यंत्रासह, कांहीं यंत्रावांचून. यंत्रामुळें आपला वेळ २४ टक्के वांचेल असें त्यांनीं आधीं सांगितलें होतें. काम संपल्यावर, २० टक्के वांचला असें त्यांना वाटलें. घड्याळानें सांगितलें कीं १९ टक्के अधिक लागला. यंत्रें तेव्हांपासून बरीच सुधारलीं आहेत, आणि सोळा माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढूं नये. मला त्या प्रयोगांतील १९ च्या आंकड्यापेक्षां २० चा आंकडा अधिक बोलका वाटतो. आपण जलद चाललों कीं सावकाश, हें कसलेल्या कारागिरासहि आंतून कळलें नाहीं. बसून विचार करणें जाऊन वाट पाहणें व निवडणें आलें, श्रम हलके झाले, आणि हलके श्रम म्हणजे थोडा वेळ असा मनाचा समज झाला.

या दोन प्रयोगांच्या मधोमध एक अवघड प्रश्न बसला आहे. नवशिक्याला यंत्राचा लाभ मोठा, आणि यंत्राची चूक ओळखण्याची शक्ति मात्र जाणत्याजवळ. तो जाणता झाला कसा? किरकोळ कामें करून, चुका करून, आणि वरिष्ठानें त्या चुका तांबड्या शाईनें दाखवून दिल्यावर रात्रीं पुन्हां बसून. तींच किरकोळ कामें यंत्र आतां आधीं उचलतें. २०२५ च्या ऑगस्टमध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील तीन संशोधकांनीं अमेरिकेंतील पगाराच्या नोंदी तपासून दाखविलें कीं, ज्या धंद्यांत या यंत्रांचा शिरकाव सर्वांत अधिक आहे, तेथें २२ ते २५ वर्षें वयाच्या नोकरांचें प्रमाण इतरांच्या मानानें १३ टक्क्यांनीं घटलें. वयस्कांचें तसें घटलें नाहीं. याचा सर्व दोष यंत्राकडे जातो कीं महासाथीनंतरच्या मंदीकडेहि कांहीं जातो, यावर अर्थशास्त्रज्ञांचा वाद आहे. आपल्याकडे २०२५ च्या जुलैंत मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें सुमारें १२,००० नोकर, म्हणजे दोन टक्के, कमी करण्याचें जाहीर केलें. त्याचें कारण यंत्र नसून कामास लागणाऱ्या कौशल्याची जुळणी होत नाहीं हें आहे, असें कंपनीच्या प्रमुखांनीं सांगितलें. कारण कोणतेंहि असो, हिंजवडीकडे डोळे लावून अभियांत्रिकीची फी भरणाऱ्या घरांत ही बातमी कशी वाचली गेली असेल हें सांगावयास नको. मोठ्या कचेऱ्यांनीं पहिल्या पायरीवरचीं माणसें घेणें थांबविलें, तर पंधरा वर्षांनीं वरच्या पायरीवर बसवावयास माणसें कोठून आणणार? हा खर्च कोणत्याहि एका कंपनीच्या वहींत दिसत नाहीं, म्हणून तो कोणी मांडीत नाहीं.

लेखनाची गोष्ट निराळी आहे. येथें चालतें कीं नाहीं असें पाहण्याची सोय नाहीं, आणि म्हणून हानीहि निराळ्या वाटेनें येते. २०२४ सालीं ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकांत दोशी व हाउझर यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारें ३०० लोकांस आठ वाक्यांची गोष्ट लिहावयास सांगितलें. कांहींना मदत दिली नाहीं, कांहींना यंत्रानें सुचविलेली एक कल्पना घेण्याची मुभा दिली, कांहींना पांचपर्यंत. वाचणारांनीं यंत्राची मदत घेतलेल्या गोष्टी अधिक बऱ्या ठरविल्या, आणि ज्यांची प्रतिभा बेताची होती त्यांना लाभ सर्वांत अधिक झाला. परंतु त्या गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवल्या, तेव्हां त्या एकमेकींसारख्या होऊं लागल्या होत्या. प्रत्येक लेखक एकटा पाहिला तर सुधारला; सर्व मिळून पाहिले तर साहित्य अरुंद झालें. आपल्या दिवाळी अंकांच्या संपादकांनीं हा प्रयोग भिंतीवर लावून ठेवावा असा आहे.

संपादकांचा विषय निघाला म्हणून सांगतों. क्लार्क्सवर्ल्ड या अमेरिकन विज्ञानकथा-मासिकाकडे २०२३ च्या फेब्रुवारींत सुमारें ७०० खऱ्या कथांबरोबर ५०० यंत्रलिखित कथा येऊन पडल्या, आणि २० तारखेस संपादकांस कथा स्वीकारणेंच कांहीं काळ बंद करावें लागलें. कथा वाईट होत्या. पण वाईट आहेत हें ठरविण्यासाठींहि त्या वाचाव्या लागतात. अज्ञात, होतकरू लेखकास आजवर उघडें असलेलें एक दार यामुळें अर्धवट लोटलें गेलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील चित्रपट-लेखक १४८ दिवस संपावर होते, व यंत्राचें लेखन लेखकाचें लेखन म्हणून धरूं नये आणि यंत्र वापरण्याची सक्ति लेखकावर करूं नये, या अटी त्यांनीं करारांत घालून घेतल्या. हातीं संघटना होती म्हणून हें घडलें. आपल्याकडील भाषांतरकार, जाहिरातींचा मजकूर लिहिणारे व मुखपृष्ठांचीं चित्रें काढणारे हे घरीं बसून एकएकटे काम करतात. त्यांना संप करावयाचा तर तो कोणाविरुद्ध?

मराठीपुरती एक अडचण आणखी आहे. मघां तुकड्यांचें सांगितलें. रोमन लिपींतलें अक्षर संगणकांत साठविण्यास एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, काना-मात्रेससुद्धां, तीन लागतात. पहिल्या यंत्रांचे तुकडे इंग्रजीच्या मापानें कापलेले असल्यामुळें तेंच वाक्य मराठींत लिहिलें तर त्याच्या कितीतरी अधिक चिंध्या होत, आणि किंमत तुकड्यांवर असल्यामुळें पैसाहि अधिक पडे. नव्या यंत्रांत हा अन्याय बराच कमी झाला आहे. शिकवणीच्या मजकुराचें दारिद्र्य मात्र अजून जाणवतें. २०११ च्या जनगणनेप्रमाणें मराठी मातृभाषा असणारे ८ कोटींहून अधिक. पण मराठी विकिपीडियावर लेख सुमारें एक लाख, तर इंग्रजीवर ७० लाखांच्या घरांत. म्हणून यंत्राची मराठी पुष्कळदां व्याकरणांत निर्दोष असून पाहुण्यासारखी वाटते. वाक्याचा सांगाडा इंग्रजी, वर मराठी कपडे. म्हणी चुकीच्या जागीं. कोल्हापूरचा शेतकरी आणि पुण्याचा प्राध्यापक एकाच सुरांत बोलतात. ज्यानें घरांत चांगली मराठी ऐकली आहे त्याच्या कानास हें लगेच खटकतें. ज्या मुलानें यंत्राचीच मराठी अधिक वाचली असेल, त्याच्या कानास तें खटकणार नाहीं.

राहतां राहिला मालकीचा प्रश्न. २०२३ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कचेरीनें एका चित्रकथेबाबत असें ठरविलें कीं, तिच्यांतील मजकूर व मांडणी लेखिकेची, परंतु मिडजर्नी नांवाच्या यंत्रानें काढलेल्या चित्रांवर तिचा हक्क नाहीं. २०२५ च्या मार्चमध्यें वॉशिंग्टनच्या अपील-न्यायालयानेंहि, ज्या कृतीचा कर्ता केवळ यंत्र आहे तिला हक्क मिळणार नाहीं, असा निकाल दिला. आपला १९५७ चा कायदा याविषयीं निराळ्या शब्दांत बोलतो. १९९४ सालीं दुरुस्त झालेल्या त्याच्या व्याख्येप्रमाणें, संगणकानें निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृति निर्माण होण्यास जी व्यक्ति कारण झाली ती. हे शब्द लिहिले गेले तेव्हां आजच्यासारखीं बोलकीं यंत्रें नव्हतीं; म्हणून कारण झालेली व्यक्ति कोण, काम सांगणारी कीं यंत्र बनविणारी, यावर वकील आतां दोन्ही बाजूंनीं बोलूं शकतात. सांगलीच्या त्या प्रोग्रॅमचा कर्ता या व्याख्येनें बहुधा पुतणीच ठरेल. पट्टीखालीं सही मात्र काकांची असेल, आणि पैशांचा मेळ बसला नाहीं म्हणजे शेतकरी यंत्राकडे जाणार नाहीं. तो पेढीची पायरी चढून काकांच्या गादीपुढें येऊन बसेल.